छावणी उठली, खुणा उरल्या: शिरूर–दौंड परिसरातील युद्धस्मृती आणि त्यांचे राखणदार

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे शिरूर आणि दौंड हे तालुके भीमेच्या दोन काठांवर वसले आहेत. रांजणगाव सांडसला मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते. तिथून पुढे नदीच्या डाव्या हाताला शिरूर आणि उजव्या हाताला दौंड. शिरूरच्या उत्तरेला घोडनदी आहे आणि तिच्या पलीकडे नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा लागतो. पुण्याहून नगरला जाणारी वाट शिरूरवरून जाते, सोलापूरला जाणारी दौंड तालुक्यातल्या यवत-पाटसवरून. दख्खनच्या राजकारणात पुणे, नगर आणि सोलापूर ही तिन्ही ठिकाणे कायम चढाईच्या धामधुमीत राहिली. त्यामुळे या पट्ट्यातून फौजा जाणे, मुक्काम करणे आणि प्रसंगी लढणे अटळच होते. नद्यांचे उतार, घोड्यांना पुरेल एवढे गवत आणि मोकळे माळरान या तिन्हींमुळे कुठल्याही सेनापतीला हा मुलूख सोयीचा वाटे.

या भागातल्या सर्वांत जुन्या युद्धखुणा दगडाच्या आहेत. दौंड तालुक्यासमोर भीमेच्या पलीकडच्या काठावर, श्रीगोंदे तालुक्यात, पेडगावचा भुईकोट आहे. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या छावणीमुळे त्याला बहादूरगड म्हणत. आता तो धर्मवीरगड म्हणून ओळखला जातो. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबासमोर आणले गेले ते इथेच. पुढे त्यांचा शेवट झाला तो भीमेकाठी तुळापूर-वढू परिसरात, आणि वढू बुद्रुकची समाधी आज शिरूर तालुक्यात आहे. पेडगावच्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. वीरगळाची मांडणी ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक दगडांवर नाव नसते. गाव त्याला शेंदूर लावते आणि तो कोणाचा हे विसरते. वस्तू टिकते पण माहिती गळून जाते, हा प्रकार पुढच्या काळातल्या पदकांच्या आणि थडग्यांच्या बाबतीतही पुन्हा पुन्हा दिसतो.

पेशवाईत या भागाने घरातलीच लढाई पाहिली. १७६२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव आणि राघोबादादा यांच्या फौजा आधी घोडनदीवर आणि नंतर आळेगावजवळ भिडल्या. माधवरावांची बाजू पडली आणि पुतण्याने चुलत्याच्या छावणीत जाऊन शरणागती पत्करली. या लढाईचे एकही स्मारक नाही, आणि त्यात नवल नाही. भाऊबंदकीच्या लढाईचा स्तंभ उभारायला कोणी पुढे येत नाही.

शिरूरला खरे लष्करी रूप आले ते इंग्रजांमुळे. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला सेनानी, पुण्यात आला. ऑगस्टमध्ये त्याने नगरचा किल्ला घेतला. पुणे आणि नगर या दोन्ही ठिकाणांवर वचक ठेवायचा तर मधले शिरूर सर्वांत सोयीचे होते, म्हणून तैनाती फौजेचा तळ घोडनदीकाठी पडला. फौज पेशव्यांच्या संरक्षणासाठी आहे असे कागदावर लिहिलेले होते. प्रत्यक्षात ती पेशव्यांच्या राजधानीपासून दोन-तीन मजलांवर बसून सगळ्या हालचालींवर नजर ठेवून होती. छावणीबरोबर बाजार आला, बाजाराबरोबर सावकार आणि व्यापारी आले. घोडनदी या नावानेही ओळखले जाणारे हे गाव तालुक्याची पेठ झाले ते याच काळात.

या छावणीतील पहिली मोठी स्मृती एका थडग्याभोवती जमा झाली. कर्नल विल्यम वॉलेस हा ७४व्या हायलँडर्स पलटणीचा अधिकारी होता. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत तो होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गाविलगडच्या वेढ्यात मोर्च्यांचे काम त्याच्याकडे होते आणि १८०४ मध्ये त्याने होळकरांकडून चांदवड घेतले. १८०९ मध्ये तो शिरूरला वारला आणि तिथल्याच लष्करी दफनभूमीत त्याला पुरले. इथपर्यंतची हकीकत कंपनीच्या कोणत्याही अधिकाऱ्याची असू शकते. पुढचे मात्र फक्त शिरूरचे आहे. १८८५ च्या सुमारास छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर शिरूर व आसपासच्या गावांतले हिंदू या थडग्याची पूजा करत, वॉलेसला ‘सत्पुरुष’ म्हणत, आणि सुगीच्या वेळी धान्याचा पहिला वाटा त्याला नैवेद्य म्हणून आणत. मराठ्यांशी लढलेल्या इंग्रज फौजेतल्या कर्नलला मराठी शेतकऱ्याने शिवारातल्या दैवतांच्या पंक्तीला बसवले. यात भाबडेपणा शोधण्याचे कारण नाही. गावाच्या हद्दीत अपमृत्यूने गेलेला किंवा मोठ्या अधिकाराने वावरलेला माणूस मेल्यावर शांत ठेवावा लागतो, ही समजूत जुनीच होती. टोपीवाल्याला तिच्यात जागा मिळाली एवढेच. इतिहासाच्या अभ्यासकाला यातून मिळते ती वेगळी गोष्ट. नैवेद्य येत होता तोवर थडगे राखले गेले. सरकारी खर्चाने जे टिकले नसते ते श्रद्धेने टिकवले.

छावणीचे दुसरे देणे म्हणजे घोडदळ. १३ जून १८१७ च्या पुणे कराराने इंग्रजांनी पेशव्यांच्या खर्चाने एक स्वार-पथक उभे केले. पूना ऑक्झिलरी हॉर्स, म्हणजे पुढचा पूना हॉर्स रिसाला, तो हाच. एकोणिसाव्या शतकात बराच काळ त्याचे ठाणे शिरूरला होते. रिसाला शिलेदारी पद्धतीचा होता. स्वाराने घोडा, खोगीर आणि हत्यार स्वतःचे आणायचे आणि सरकारने त्याला त्या मानाने जास्त पगार द्यायचा, असा हा रिवाज. मराठी फौजांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. इंग्रजांनी तो तसाच उचलला आणि पहिल्या महायुद्धानंतर बंद केला. संग्राहकाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. शिलेदाराची तलवार ही सरकारी कोठारातली नव्हती, त्याच्या घरची होती. म्हणून अशा रिसाल्यातल्या तलवारींना एक नमुना नसे. पाते जुने घरचे आणि मूठ नव्या तऱ्हेची असा मिलाफही आढळतो. अशी तलवार केवळ तिच्या घडणीवरून पेशवाईतली की कंपनीच्या काळातली हे सांगता येत नाही. तसे छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

स्वारांचे घोडेही याच मातीतले. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू बुटके, काटक आणि थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारे असे. मराठ्यांच्या उत्तरेतल्या स्वाऱ्यांची मदार त्यावर होती. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या राज्यगीतात राजा बढे यांनी त्याचा उल्लेख केला आहे. कंपनी सरकारने घोड्यांची पैदास सुधारण्यासाठी आळेगावला स्टड चालवला होता. अरबी घोडे आणून स्थानिक घोड्यांशी संकर करण्याचे प्रयोग त्या काळात दख्खनमध्ये झाले. अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. धनगरांच्या कळपांबरोबर सामान वाहताना दिसणारे घोडे हे त्या लष्करी परंपरेचे चालतेबोलते अवशेष आहेत, आणि संग्रहालयात न ठेवता टिकलेले.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्धाला तोंड लागले, त्याच्या आधीच रेसिडेंट एल्फिन्स्टनने शिरूरहून हलकी पलटण आणि नव्या स्वार-पथकाला बोलावणे धाडले होते. गोदावरीकडे गेलेला जनरल स्मिथ नगर आणि शिरूरमार्गे परत फिरला आणि नोव्हेंबरच्या मध्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. बाजीराव निघून गेला, पण त्याची फौज शाबूत होती. डिसेंबरच्या अखेरीस तो पुण्याकडे वळल्याची बातमी आली, तेव्हा पुण्यातल्या कर्नल बरने शिरूरकडून कुमक मागवली.

३१ डिसेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाला. मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे पाचशेच्या आसपास शिपाई, लेफ्टनंट स्वॉन्स्टनच्या हाताखालचे सुमारे तीनशे स्वार, मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज आणि सहा पौंडी दोन तोफा, एवढे बळ त्याच्याकडे होते. रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ च्या सकाळी दहाच्या सुमारास ते कोरेगाव भीमाजवळच्या उंचवट्यावर आले, तेव्हा नदीपलीकडे पेशव्यांची फौज पसरलेली दिसली. इंग्रजी साधने तिचा आकडा २८ हजारांपर्यंत नेतात. त्यांत बहुतांश घोडदळ होते आणि गावाच्या गल्ल्यांत घोडदळाचा उपयोग नव्हता. प्रत्यक्ष हल्ला केला तो अरब, गोसावी आणि कवायती पायदळाच्या काही शे माणसांच्या तीन तुकड्यांनी. बापू गोखले, निपाणीकर देसाई आणि त्र्यंबकजी डेंगळे त्यांच्या पाठीशी होते.

स्टाँटनने गावात शिरून तोफा मोक्याच्या जागी लावल्या, पण गावातली मजबूत जागा अरबांनी आधी पकडली. दिवसभर घराघरातून आणि गल्लीगल्लीतून झुंज चालली. नदी काही पावलांवर असताना आत अडकलेल्यांना अंधार पडेपर्यंत पाणी मिळाले नाही. एक तोफ हातची गेली आणि तोफखान्याचा लेफ्टनंट चिशम मारला गेला. जखमी पडलेला धिप्पाड लेफ्टनंट पॅटिन्सन उठला, बंदूक नळीकडून धरून दस्त्याने वार करत पुढे घुसला आणि तोफ परत मिळाली. तो पुढे जखमांनी मेला. रात्री नऊच्या सुमारास पेशव्यांचे लोक गावातून निघून गेले. स्टाँटनची मेलेली, जखमी आणि बेपत्ता माणसे मिळून सुमारे २७५ होती. दुसऱ्या रात्री तो पुण्याकडे न जाता जखमींना घेऊन शिरूरकडे फिरला आणि ३ जानेवारीच्या सकाळी छावणीत पोहोचला. लढाई कोणी जिंकली यावर आजही वाद घातला जातो. पेशव्यांना गाव घेता आले नाही आणि स्टाँटनला पुणे गाठता आले नाही, हे दोन्ही खरे. राजकीय निकाल मात्र उघड होता. बाजीराव दक्षिणेकडे पळत राहिला, फेब्रुवारीत अष्टीला बापू गोखले पडले आणि जूनमध्ये पेशवाई संपली.

इंग्रजांनी या लढाईच्या आठवणी जपण्याची जी पद्धतशीर व्यवस्था केली, तशी दख्खनमधल्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या लढाईची केली असेल. २६ मार्च १८२१ रोजी भीमेच्या पुण्याकडच्या काठावर, आजच्या हवेली तालुक्यातल्या पेरणे हद्दीत, सुमारे ६५ फूट उंचीच्या दगडी स्तंभाची पायाभरणी झाली. त्याच्यावरचे लेख इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. पडलेल्या शिपायांपैकी ४९ जणांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांतली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची, बाकीच्यांत मराठे, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्रायली ज्यू आहेत. साध्या शिपायाचे नाव दगडावर येणे ही त्या काळी इंग्लंडमध्येही सर्रास आढळणारी गोष्ट नव्हती. स्तंभाच्या देखभालीसाठी १८२४ मध्ये खंडोजी बिन गजोजी जमादार (माळवदकर) यांची नेमणूक झाली. ते स्वतः या लढाईत जखमी झाले होते आणि ही राखणदारी त्यांच्या घराण्यात पुढे चालू राहिली. युद्धस्मारकाला वंशपरंपरागत वतनदार मिळाला. गावगाड्यात देवळाला गुरव असतो तीच रीत कंपनी सरकारने विजयस्तंभासाठी उचलली. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांची नावे मात्र कुठल्याच दगडावर नाहीत.

दुसरी व्यवस्था पदकाची. आर्मी ऑफ इंडिया मेडल हे चांदीचे पदक कंपनीने १८५१ मध्ये मंजूर केले. त्यात १८०३ ते १८२६ या काळातल्या मोहिमा एकत्र केल्या आणि प्रत्येक लढाईसाठी फितीवर वेगळी चांदीची पट्टी दिली. खडकी, पुणे, सीताबर्डी, महिदपूर यांच्याबरोबर ‘कोरीगाम’ अशा इंग्रजी वर्णांत कोरेगावचीही पट्टी आहे. पदक फक्त हयात असलेल्यांना मिळायचे होते. लढाईला ३३ वर्षे झालेली. फौज मुळात लहान, तिच्यातले सुमारे एक तृतीयांश त्या दिवशीच पडलेले किंवा जखमी झालेले, आणि बाकीच्यांतले बहुतेक म्हातारपणाने गेलेले. त्यामुळे कोरेगावची पट्टी असलेले अस्सल पदक संग्राहकांत अतिशय दुर्मिळ मानले जाते. दुर्मिळ म्हटले की नक्कल आलीच. साध्या पदकावर बाहेरून बनवलेली पट्टी चढवणे किंवा कडेवरचे मूळ नाव घासून दुसरे कोरणे हे दोन्ही प्रकार होतात. जाणकार आधी कडा पाहतात. घासलेल्या पदकाचा व्यास किंचित कमी भरतो, कोरणीची अक्षरे त्या काळच्या ठरावीक छापाशी जुळत नाहीत. मग पदक मिळालेल्यांच्या याद्या तपासतात. पदकाची किंमत चांदीत नसते, ती कडेवरच्या त्या नावात असते.

स्तंभाचा अर्थ विसाव्या शतकात बदलला. १८९० च्या दशकात ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांताने महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केले आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी लावून धरली. या अर्जांमागे एक साधा युक्तिवाद होता. ज्यांच्या बापजाद्यांची नावे सरकारनेच दगडावर कोरली, त्यांना सरकार नालायक कसे म्हणते? कांबळे यांनी स्तंभाशी सभा घेतल्या आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारलेला दगड अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात पुरावा म्हणून उभा राहिला. पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण उभी झाली आणि १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. नंतर स्तंभ काढून त्या जागी कट्यार आली. मशीनगनच्या जोडीने ती आजही आहे, आणि ‘यश सिद्धि’ हे घोषवाक्यही. स्तंभ असलेला बिल्ला काही वर्षेच वापरात होता, म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात. आता दर १ जानेवारीला लाखो लोक पेरण्याला येतात. २०१८ मध्ये, लढाईला २०० वर्षे झाली त्या दिवशी, या परिसरात हिंसाचार झाला आणि दगडाच्या अर्थावरचा वाद देशभर गेला.

पूना हॉर्सच्या खुणा शोधायच्या तर शिरूरबाहेर जावे लागते. इराणबरोबरच्या युद्धात, ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाबच्या लढाईत रिसाल्याने इराणी काशकाई पलटणीचे निशाण पकडले. निशाणाच्या काठीवर चांदीचा पंजा आहे. रिसाल्याने ते विजयचिन्ह म्हणून स्वतःच्या निशाणात सामावून घेतले. त्याच लढाईत तिसऱ्या मुंबई लाइट कॅव्हलरीच्या मूर आणि माल्कमसन या दोन अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही कॅव्हलरी पुढे १९२१ मध्ये पूना हॉर्समध्ये विलीन झाली. १९१४ च्या शरदात ३४व्या पूना हॉर्सचे स्वार फ्रान्समध्ये उतरले आणि घोडे मागे ठेवून खंदकात बसले. २ नोव्हेंबरला न्यूव्ह शापेलजवळ त्यांचा कमांडर लेफ्टनंट कर्नल स्वॉन्स्टन पडला. कोरेगावच्या स्वारांचा नायकही स्वॉन्स्टन याच नावाचा होता. २५ नोव्हेंबरला फेस्त्युबेरजवळ लेफ्टनंट फ्रँक डी पास मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

स्वातंत्र्यानंतर रिसाला रणगाड्यांवर आला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी चविंडाच्या रणभूमीवर त्याचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पडले. दोघांनाही परमवीर चक्र मिळाले. खेत्रपाल यांचा सेंच्युरियन रणगाडा ‘फामागुस्ता’ नगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपला आहे. शिरूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या या नगरलाच १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय सुरू झाले. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता आणि युद्धात हाती आलेले पॅटन रणगाडे तिथे उघड्यावर मांडलेले आहेत. शिरूरच्या माळावर जन्मलेल्या रिसाल्याचा शेवटचा अध्याय वाचायचा तर घोडनदीचा पूल ओलांडून नगरच गाठावे लागते.

दौंडचा लष्करी इतिहास लोखंडी रुळांवर आहे. १८५८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंत गेली. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षांत दौंड–मनमाड मार्गाचे काम झाले आणि १८७८ मध्ये तो खुला झाला. दुष्काळग्रस्तांना काम मिळाले, आणि घाटांचा वळसा न घेता दक्षिणेकडून थेट उत्तरेकडे जाणारा मार्ग लष्कराला मिळाला. नगरची छावणी या लाइनवर आली. पुणे, नगर आणि सोलापूर यांचा सांधा झालेल्या दौंडवरून पुढच्या दोन्ही महायुद्धांतले सैन्य आणि सामान गेले. रेल्वेने आणखी एक गोष्ट केली. शिरूरसारख्या रस्त्यावरच्या छावण्यांचे महत्त्व घटवले. आगगाडीच्या युगात दोन शहरांच्या मधोमध रिसाला ठेवण्याची गरज उरली नाही. दौंडला आज राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. गणवेश या गावातून कधी हललाच नाही.

महायुद्धांनी घराघरांत वस्तू आणल्या. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावे नाहीत, फक्त आकडे. कोरेगावच्या स्तंभानंतर शंभर वर्षांनी शिपाई पुन्हा बिननावाचा झाला. नाव सापडते ते पदकावर. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे होते, पण मजूर पथके आणि इतर अनुयायांना तेच ब्राँझमध्ये दिले गेले. खेचरांमागे चालणाऱ्या आणि रस्ते बांधणाऱ्यांची प्रतवारी धातूतच दिसते. दोन्हींच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीची पदके अडचणीच्या काळात सोनाराकडे गेली आणि आटली, त्यामुळे ब्राँझची आता तुलनेने जास्त सापडतात. मेलेल्यांच्या वारसांना एक ब्राँझची मोठी तबकडी मिळे. तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह आहेत आणि नाव आहे, पण हुद्दा नाही. मृत्यूत सगळे सारखे, अशी त्यामागची कल्पना होती. त्या तबकडीवरच्या नावाची नोंद न्यूव्ह शापेल किंवा बसरा येथल्या स्मारकांच्या यादीत सापडली, तर तो कोणत्या आघाडीवर पडला हे कळते.

मृतांच्या नावांचेही स्थलांतर झाले. छावण्या उठल्या आणि त्यांच्या दफनभूमी गवतात गेल्या. भारत-पाकिस्तानातल्या ज्या दफनभूमींची निगा यापुढे शक्य नव्हती, तिथल्या पहिल्या महायुद्धकालीन १,८०० हून अधिक सैनिकांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने पुण्यात खडकीच्या स्मारकावर एकत्र केली. १९७६ पासून ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया ही संस्था अशा थडग्यांवरच्या लेखांच्या नोंदी करते आहे.

युद्धवस्तूंचा हेतूपूर्वक संग्रह या भागात उशिरा आला आणि तो पुण्यातून आला. १९१० मध्ये इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाचा भर कागदांवर होता, पण वाड्यांतली हत्यारेही त्याच्याकडे आली. दिनकर गंगाधर केळकरांनी घरोघर हिंडून जमवलेल्या संग्रहात दिव्यांबरोबर तलवारी, ढाली आणि चिलखतेही आहेत. या दोघांनी लावलेली शिस्त नव्या संग्राहकाला उपयोगी पडते. वस्तू कुठून, कोणाकडून आणि केव्हा आली याची नोंद ती हाती येताच करायची, पुसून चकाकी आणायची नाही, आणि जोडीला आलेली चिठ्ठी, फोटो किंवा पेन्शनचा कागद वेगळा करायचा नाही. घराण्याच्या माहितीपासून तुटलेली तलवार ही पेडगावच्या शेंदूर लावलेल्या वीरगळासारखी होते.

कायद्याची बाजूही ठाऊक हवी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने १०० वर्षांहून जुनी वस्तू आणि ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही, आणि ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी बंधनकारक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने कालबाह्य, चालवण्यासारखी न राहिलेली आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशी जुनी बंदूक सवलतीत बसते. ठासणीची असली तरी उडणारी बंदूक बसत नाही. १९५० च्या सैन्य कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे सेवेतल्या सैनिकाने स्वतःला मिळालेले पदक विकणे किंवा गहाण ठेवणे हा गुन्हा आहे. आणि शेतात नांगराला तोफगोळा, नाण्यांचा हंडा किंवा तलवारीचे पाते लागले, तर १८७८ चा गुप्तधन कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली वस्तू दहा रुपयांहून अधिक किमतीची असेल, तर ती सापडल्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.